पोहरा रिकामा आला म्हणजे आड आटला असे नव्हे

खरीप तोंडावर आला की सातबारा उताऱ्याची गरज भासू लागते. पीककर्ज, ठिबकचे अनुदान, वाटणी, खरेदीखत, जामीनकी, काहीही असो, उतारा हवाच. पूर्वी त्यासाठी चावडीवर, नाही तर तालुक्याच्या गावी खेटे घालावे लागत. आता घरातले शाळकरी पोरसुद्धा मोबाईलवर ‘महाभूलेख’ उघडून उतारा दाखवू शकते. नुसता पाहण्यासाठी तो फुकट मिळतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबाराही मिळू लागला असून तो १५ रुपये शुल्क भरून घरबसल्या काढता येतो. ही सोय मोठी आहे, यात वाद नाही.

पण अशा सोयींत एक काटा असतो. तो आहे शोधण्याचा. शेतकरी नाव टाकतो, ‘शोधा’ या शब्दावर बोट ठेवतो आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. नाही तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच शब्द येतात. आता यातून समजायचे काय? जमीन आपल्या नावावर राहिली नाही? नाव लिहिताना चूक झाली? की गावात रेंजच नव्हती?

घरातले कर्ते माणूस नुकतेच गेले असेल, किंवा भावकीत कुरबूर चालू असेल, तर या तीन शब्दांनी रात्रीची झोप उडते. ‘कुणीतरी आपले नाव काढून टाकले’ अशी पाल मनात चुकचुकते. संशय भावावर जातो, तलाठ्यावर जातो. सकाळी कामधंदा सोडून एस.टी.ने तालुका गाठला जातो. पुष्कळदा मुळात काही झालेलेच नसते. उतारा जिथल्या तिथे असतो. यंत्राला तो सापडलेला नसतो आणि का सापडला नाही हे सांगण्याची तसदी यंत्राने घेतलेली नसते.

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? संगणकावरच्या शोधाला मात्र ही म्हण उलटी करून लावावी लागते. पोहरा रिकामा आला म्हणजे आड आटला असे नव्हे. कदाचित दोर तोकडा पडला असेल, कदाचित पोहरा पालथा पडला असेल.

चावडीवरचे उत्तर आणि पडद्यावरचे उत्तर

जुन्या काळी चावडीवर उतारा मागायला गेले की चांगले तलाठी भाऊसाहेब कसे वागत ते आठवून पाहा. (आता तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) आपण नाव सांगितले की ते आधी आपलेच बोलणे परत म्हणून दाखवीत, “बुद्रुकचे ना? खुर्दचे नव्हे?” मग म्हणत, “बसा, दप्तर काढतो.” पाने उलटून झाली की सांगत, “या नावाचे तिघे आहेत, वडिलांचे नाव काय?” आणि नाव नाहीच सापडले, तर “तुमच्या नावावर दिसत नाही, वडिलांच्या नावावर पाहू. वारस नोंद झाली का?” असे विचारीत.

या चार वाक्यांत शोधाचे सगळे शहाणपण आले. काय ऐकले ते परत सांगणे, काम चालू आहे हे कळविणे, किती सापडले ते सांगणे आणि सापडले नाही तर पुढची वाट दाखविणे. माणूस हे सहज करतो. यंत्राला मात्र ते मुद्दाम शिकवावे लागते आणि शिकविणारा घाईत असला की नेमके हेच राहून जाते.

दुसरी गोष्ट सांगितली तर पहिली आपोआप समजेल. शोध घेताना पडद्यावर काहीच हलले नाही, तर माणूस काय करतो? पुन्हा बोट दाबतो. मग पुन्हा. जितक्या वेळा दाबावे तितक्या वेळा तोच प्रश्न दूरच्या संगणकाकडे जाऊ शकतो आणि तो आणखी तुंबतो. पाटाचे एक दार उघडण्याऐवजी दहा दारे उघडल्यासारखे होते, कुठल्याच वाफ्याला पाणी धड पोचत नाही. ‘शोध चालू आहे, थोडे थांबा’ एवढे शब्द दिसले असते, तर माणूस स्वस्थ बसला असता.

या विषयावर परदेशात बराच विचार झालेला आहे. जेकब नील्सन नावाच्या डॅनिश तज्ज्ञाने १९९३ मध्ये आपल्या पुस्तकात तीन वेळा नोंदविल्या. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उत्तर आले, तर माणसाला ते ताबडतोब आल्यासारखे वाटते. एक सेकंदापर्यंत त्याच्या विचाराची तार तुटत नाही. दहा सेकंदांपुढे मात्र त्याचे लक्ष उडते, म्हणून तोवर काम कुठवर आले हे त्याला दिसले पाहिजे. यंत्र काय करीत आहे हे माणसाला सतत कळत राहावे, हा नील्सनच्या दहा नियमांपैकी पहिलाच नियम आहे. आपले भाऊसाहेब “बसा, दप्तर काढतो” म्हणत, तेव्हा हाच नियम पाळीत होते.

तीन निराळी उत्तरे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. शोध अयशस्वी झाला, की त्याची तीन निरनिराळी कारणे असू शकतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा असतो.

पहिले, शोधताच आले नाही. रेंज गेली, दूरचा संगणक बंद होता किंवा गर्दीमुळे त्याने उत्तर दिले नाही. इथे दप्तर उघडलेलेच नाही. पुन्हा थोड्या वेळाने प्रयत्न करणे, एवढाच त्यावर उपाय.

दुसरे, शोधले, पण या अक्षरांचे काही सापडले नाही. दप्तर उघडले, पाने चाळली, पण आपण लिहिले तसे नाव तिथे नाही. नाव वेगळ्या तऱ्हेने लिहिलेले असू शकते. इथे शोधण्याची रीत बदलून पाहायची असते.

तिसरे, अशी नोंद खरोखरच नाही. इथे मात्र कागदपत्रे घेऊन कचेरीत जाणे भाग आहे.

या तिन्हींना एकच वाक्य वापरणे, म्हणजे दवाखान्यात पडसे, हिवताप आणि विषबाधा या तिन्हींना ‘बरे नाही’ असे म्हणून घरी पाठविण्यासारखे आहे. पडद्याने ‘नाही’, ‘सापडले नाही’ आणि ‘शोधता आले नाही’ यांत फरक केलाच पाहिजे.

सोलापूरकडची नावे

दुसऱ्या कारणाचा अनुभव सोलापूर जिल्ह्यात फार येण्यासारखा आहे. याचे मूळ आपल्या नावांत आहे. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर. त्यामुळे सिद्धेश्वर, सिद्धाराम, सिद्राम, गुरुसिद्ध अशी नावे घरोघर. आता ‘सिद्ध’ हा शब्द टाइप करताना कोणी द ला ध जोडतो, तर कोणी ध ला द जोडून ‘सिध्द’ असा लिहितो. डोळ्याला दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, वाचणारा अडखळतही नाही. पण संगणकाच्या पोटात प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक असतो. द-ध आणि ध-द यांचा क्रम उलटा, म्हणून संगणकाच्या दृष्टीने हे दोन निराळे शब्द. एकाने नोंदविताना एक लिहिले आणि दुसऱ्याने शोधताना दुसरे लिहिले, की अक्षराला अक्षर लावून पाहणाऱ्या यंत्राला ते नाव सापडत नाही.

पंढरपुराकडे वळलो तर तिथे विठ्ठल आहे. हेच नाव कोणी विठल लिहितो, कोणी विट्ठल. पांडुरंगाचा डु ऱ्हस्व की दीर्घ, यावर शाळेत मार्क जात, इथे उतारा जातो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या पट्ट्यात कानडी वळणाची नावे. शिवलिंगप्पा की शिवलिंगाप्पा, मल्लिकार्जुन की मल्लीकार्जुन? बोलताना कोणी अडत नाही, लिहिताना मात्र दहा हातांच्या दहा तऱ्हा. दत्तात्रय आणि दत्तात्रेय, पाटील आणि पाटिल, असे दाखले कुठल्याही गावात मिळतील.

आकड्यांचीही तीच गत. मराठी आकडा आणि इंग्रजी आकडा आपल्याला एकच, पण यंत्राला ती दोन निराळी चिन्हे. मराठीतला ४५ टाकला आणि दप्तरात तो इंग्रजीत असला, तर साधे यंत्र ‘नाही’ म्हणून मोकळे होते.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. नावे उच्चारावरून शोधण्याची एक युक्ती अमेरिकेत रॉबर्ट रसेल याने काढली आणि १९१८ मध्ये तिचे पेटंट मिळविले. सारख्या उच्चाराच्या नावांना एकच खूण द्यायची, म्हणजे स्पेलिंग कसेही असो, नाव एकाच खणात सापडते. पुढे तिथल्या खानेसुमारीच्या नोंदी लावण्यासाठी ही पद्धत वापरली गेली. १९६५ मध्ये लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने दोन शब्दांतले अंतर मोजण्याची रीत सांगितली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात, तेवढे त्यांच्यातले अंतर. विठ्ठल आणि विट्ठल यांत एकाच अक्षराचा फरक. मग यंत्राला सहज म्हणता येईल, “विट्ठल सापडला नाही. विठ्ठल म्हणायचे आहे का?” मोठमोठ्या परदेशी कंपन्यांची शोधयंत्रे हे वर्षानुवर्षे करीत आली आहेत. आपल्या गावच्या कामाच्या ॲपनेही ते करावे, ही अपेक्षा काही जास्त नाही.

नाव बरोबर, तरी सापडत नाही

कधी कधी अक्षरे बरोबर असूनही नाव मिळत नाही. त्याची कारणे जमिनीच्या दप्तरातच असतात आणि ती घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवीत.

वडील वारले, पण वारस नोंद मंजूर झालेली नसली, तर उताऱ्यावर वडिलांचेच नाव राहते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसांनी तीन महिन्यांत खबर द्यायची असते, पण दुःखात ते मागे पडते. एकत्र कुटुंबाची जमीन थोरल्या भावाच्या किंवा चुलत्याच्या नावावर ‘ए.कु.मॅ.’ म्हणून लागलेली असते, तिथे धाकट्याचे नाव शोधून मिळणार नाही. लेक माहेरच्या जमिनीत वारस म्हणून लागली असेल, तर ती माहेरच्या नावानेच नोंदलेली असू शकते, सासरच्या आडनावाने शोधले तर सापडणार कशी? जुन्या नोंदींत आडनावच लिहिलेले नसते, असेही आढळते.

शिवाय सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांचा घोटाळा आहेच. तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. त्याखाली जिथे एकत्रीकरण झाले तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या कागदावरचा जुना नंबर टाकला, तर काही सापडत नाही किंवा भलत्याचेच शेत पुढे येते. दुसरी गत पहिलीपेक्षा वाईट. म्हणूनच पडद्याने उतारा दाखविण्याआधी गाव, तालुका, नंबर आणि खातेदाराचे नाव ठळक अक्षरांत परत सांगावे, हे फार गरजेचे आहे.

या बाबतीत महाभूलेखातली एक गोष्ट चांगली आहे. विभाग पुणे, जिल्हा सोलापूर, मग अकरा तालुक्यांपैकी आपला तालुका आणि गाव निवडून गटाचा नुसता मूळ नंबर टाकला, की त्या नंबराचे सगळे पोटहिस्से यादीत दिसतात आणि त्यांतून आपला निवडता येतो. पोटहिस्सा पाठ नसला तरी अडत नाही. ‘या नावाचे तिघे आहेत’ असे म्हणणाऱ्या भाऊसाहेबांचीच ही रीत. ती नावाच्या, पैशाच्या, अर्जाच्या, सगळ्याच शोधांत आली पाहिजे.

रिकाम्या पडद्याचा दुसरा धोका

आतापर्यंत आपण नाहक घाबरण्याविषयी बोललो. पण रिकाम्या उत्तराने माणूस नाहक निर्धास्तही होतो आणि तो धोका अधिक महागात पडतो.

समजा, एखादे कुटुंब आयुष्याची पुंजी घालून दोन एकर जमीन घेत आहे. त्या जमिनीवर दावा आहे का, हे पाहण्यासाठी घरातला मुलगा न्यायालयांच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याचे नाव टाकतो. पक्षकाराच्या नावाने खटला शोधण्याची सोय तिथे आहे. उत्तर येते, नोंद आढळली नाही. सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि विसार देऊन मोकळे होतात. पण दावा वेगळ्या वर्षाच्या खाली असू शकतो, वेगळ्या स्पेलिंगने असू शकतो, विकणाऱ्याच्या भावाच्या नावाने असू शकतो. रिकामा पडदा म्हणजे जमीन निर्वेध असल्याचा दाखला नव्हे. खरेदीपूर्वी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेण्याची जी चाल आहे, ती मोबाईल आला म्हणून सोडू नये.

बाजारभावाचेही तसेच. कांद्याचा भाव पाहायला गेलो आणि सोलापूरच्या पुढे रिकामी जागा दिसली, तर बाजार बंद होता, आवक झाली नाही की आकडे अजून चढवायचे आहेत? तिन्हींचा अर्थ निराळा. त्यावर उद्या गाडी भरायची की नाही हे ठरणार असते. रिकाम्या जागेत दोन शब्द घातले, तर शेतकऱ्याचे एका खेपेचे भाडे वाचू शकते.

आपण काय करावे

शोध फसला तर घाबरू नये आणि चिडूही नये. क्रमाने पुढे जावे.

१. पडद्यावरचे शब्द नीट वाचावेत आणि त्याचे चित्र मोबाईलमध्ये काढून ठेवावे. पुढे विचारताना ते उपयोगी पडते.

२. विभाग, जिल्हा, तालुका, गाव बरोबर निवडले आहे ना, बुद्रुक-खुर्दची अदलाबदल झाली नाही ना, हे पाहावे.

३. नावाऐवजी गट नंबरने शोधावे. जुना उतारा किंवा आठ-अचा खाते उतारा यांवर तो मिळतो. घरातल्या सर्व जमिनींचे गट नंबर आणि खाते क्रमांक एका वहीत लिहून ठेवावेत. ही वही घरधनिणीलाही ठाऊक असावी.

४. नावानेच शोधायचे तर दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहावे. वडिलांच्या, थोरल्या भावाच्या, माहेरच्या नावानेही पाहावे. जमीन गावठाणाच्या नगर भूमापनात गेली असेल, तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक शोधावे.

५. पडद्यावर काहीच येत नसेल, तर वारंवार बोट दाबू नये. गर्दीची वेळ टाळून पुन्हा पाहावे.

६. एवढे करूनही नाव मिळाले नाही, तर गट नंबर आणि जुना उतारा घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याला भेटावे. नोंदीत लिहिण्याची चूक निघाली, तर संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो.

संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना

आज आपल्याच घरांतली मुले-मुली संगणकाचे शिक्षण घेत आहेत. उद्या दूध संस्थेचे, सोसायटीचे, साखर कारखान्याच्या ऊसनोंदीचे ॲप तीच तयार करतील. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

शोध चालू असताना तसे लिहून दाखवा. काय शोधले आणि कुठे शोधले ते उत्तरासोबत परत सांगा. किती नोंदी सापडल्या तो आकडा द्या. काही सापडले नाही, तर तीन कारणांपैकी कोणते, ते साध्या मराठीत लिहा आणि पुढे काय करावे तेही लिहा. भरलेली माहिती पुसू नका. वेडीवाकडी अक्षरे ओळखण्यात एक चूक झाली म्हणून जिल्ह्यापासून सगळे पुन्हा भरायला लावणे हा जाच आहे. सिद्ध आणि सिध्द, मराठी आकडा आणि इंग्रजी आकडा यांना एकच मानायला यंत्राला शिकवा. आणि काम झाले की आपल्या आजीच्या हातात मोबाईल देऊन बघा. आजीचे बोट जिथे थांबेल तिथे तुमचे काम उरले आहे.

यासाठी फार मोठा पैसा लागत नाही. समोरच्या माणसाला काय वाटेल याचा विचार मात्र लागतो. शेतकऱ्याने यंत्राला विचारलेला प्रश्न बहुधा जमिनीचा, कर्जाचा किंवा मालाच्या भावाचा असतो. त्याला ‘नाही’ म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. पण काय नाही आणि का नाही, हे सांगितल्यावाचून त्याला दारातून परत पाठवू नये.